मळलेले लंगोट धुवेपर्यंत कसे ठेवावेत : कोकणातल्या दमट हवेसाठी

आषाढातली गोष्ट आहे. सलग तीन दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती, वीज जाऊन-येऊन होती आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात, घट्ट झाकणाच्या बादलीत, बाळाचे लंगोट साठत गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडले तेव्हा वासाने डोळ्यांत पाणी आले आणि तळाच्या लंगोटांवर मोहरीएवढे काळे ठिपके उठलेले दिसले. ते लंगोट दोनदा उकळले, उन्हाची तिरीप आली तेव्हा अंगणात टाकले, तरी ठिपके हलले नाहीत. कापड माझ्या आईच्या जुन्या सुती साडीचे होते, शेकडो धुण्यांनी मऊ झालेले. ते टाकून देताना फार वाईट वाटले. धुण्यात काही चूक झाली नव्हती. चूक झाली होती ती धुण्याआधीच्या तीन दिवसांत.

लंगोट कसे धुवावेत हे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, डायपरच्या पाकिटावरही लिहिलेले असते. पण ते धुवेपर्यंत कसे ठेवावेत याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. जे सल्ले मिळतात ते बहुधा कोरड्या हवेच्या प्रदेशांतले असतात आणि त्यांत दोन-तीन दिवस लंगोट साठवले तरी चालतात असे गृहीत धरलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात पापड, आगपेटी, मीठ, पुस्तके सगळेच सादळते. अशा हवेत मळलेला लंगोट ठेवायचा झाला तर तो पूर्ण निथळलेला असला पाहिजे, त्याला वारा लागला पाहिजे आणि त्याला फार वेळ ठेवता कामा नये. पुढे जे लिहिले आहे ते या तीन गोष्टी घरात प्रत्यक्ष कशा साधाव्यात याविषयी आहे.

वास आणि ठिपके येतात कुठून

ताज्या लघवीला फारसा उग्र वास नसतो. तिच्यात युरिया असतो, आणि कापडावरचे व शीमधले जीवाणू युरिएज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने त्या युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करतात. हे युरिएज १९२६ साली जेम्स सम्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्फटिकरूपात वेगळे केले, आणि ते ज्या शेंगेच्या दाण्यांतून मिळवले ती शेंग आपल्या परसात मांडवावर चढणाऱ्या अबईच्या अगदी जवळच्या कुळातली आहे. डोळ्यांना झोंबणारा वास हा या अमोनियाचा असतो. लंगोटात लघवीबरोबर शीही असेल तर हे काम कितीतरी वेगाने होते, कारण जीवाणूंचा मोठा साठा शीमध्येच असतो.

अमोनियामुळे कापड अल्कधर्मी होते. बाळाची निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, आणि ती अल्कधर्मी झाली की शीमधली पाचक एन्झाइमे अधिक जोमाने काम करून त्वचेला इजा करतात. मळलेला लंगोट आपण बाळाला पुन्हा घालत नाही हे खरे. पण फार दिवस साठलेल्या लंगोटातला अमोनिया आणि त्याला धरून राहिलेला मळ एका धुण्यात पूर्ण निघत नाही. याची खूण सोपी आहे : धुऊन वाळलेल्या लंगोटाला काहीच वास येत नाही, मात्र बाळाने तो ओला केला की पाचच मिनिटांत जुना वास उसळून येतो. असे होऊ लागले की धुण्याचा साबण बदलण्याआधी साठवण्याची पद्धत तपासावी.

काळे ठिपके ही बुरशी आहे. सुती कापड सेल्युलोजचे असते आणि बुरशीच्या दृष्टीने ते अन्नच असते; ती धाग्याच्या आत शिरते, म्हणून घासून निघत नाही. उबदार आणि दमट जागी घडी करून किंवा चोळामोळा करून ठेवलेल्या ओल्या कापडावर ती एक-दोन दिवसांतच वाढू लागते. जीवाणू असोत की बुरशी, दोघांनाही ऊब, ओल आणि वेळ हवा असतो. कोकणात ऊब वर्षभर असते, तिच्याविषयी आपण काही करू शकत नाही. ओल आणि वेळ मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

टोपलीत टाकण्याआधी

नुसत्या लघवीचा लंगोट दिवसा बदलला असेल तर तो पिळून टोपलीत टाकला तरी चालतो. रात्रीच्या लंगोटाचे तसे नाही. रात्रभर लघवी झिरपून तो जड झालेला असतो, म्हणून सकाळी उठल्यावर तो आधी साध्या पाण्यातून काढावा, घट्ट पिळावा आणि मगच इतरांबरोबर ठेवावा. एवढ्या एका सवयीने टोपलीचा निम्मा वास कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

शीच्या लंगोटाबाबत बाळाचे वय पाहावे लागते. केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची पिवळी, पातळ शी पाण्यात सहज विरघळते आणि नळाखाली किंवा तांब्याच्या धारेखाली धरली की निघून जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांतली काळी, डांबरासारखी चिकट शी मात्र निघता निघत नाही. त्या दिवसांसाठी वेगळे, टाकून देता येतील असे जुन्या कापडाचे तुकडे वापरणे बरे. उष्टावण झाल्यावर, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यानंतर, पेज, मऊ भात, नाचणीचे सत्त्व सुरू होते आणि शी घट्ट होते; नाचणीने ती गडदही दिसते. ती संडासात झटकून टाकावी आणि उरलेली खरवडावी. आमच्याकडे यासाठी करवंटीचा एक तुकडा कडा घासून गुळगुळीत करून ठेवलेला होता. तो न्हाणीघराबाहेर खिळ्याला वेगळा टांगलेला असे आणि दुसऱ्या कशालाही वापरला जात नसे. करवंटीचा बाक लंगोटाच्या पन्ह्यावर नेमका बसतो, पाणी फार लागत नाही आणि कापडही दुखावत नाही.

धुण्याचे पहिले पाणी थंडच असावे. शीमधली प्रथिने गरम पाण्याने धाग्याला घट्ट धरतात आणि डाग पक्का होतो. गरम पाण्याचा उपयोग नंतरच्या धुण्यात आहे.

हे पाणी कुठे जाते याचाही विचार करावा. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. त्या शीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. आपली जमीन जांभ्याची आहे, जांभा सच्छिद्र असतो आणि त्यावर ओतलेले पाणी झपाट्याने खाली मुरते. म्हणून शीचे पाणी विहिरीच्या आसपास कधीही टाकू नये. शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर असावा हा सर्वसाधारण दंडक आहे आणि जांभ्याच्या कातळात त्याहून जास्त अंतर ठेवलेले चांगले. शीचे पाणी संडासात ओतावे. केवळ लघवीचे पाणी मोरीतून माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात गेले तर हरकत नाही. मागच्या दारी अळू लावलेले असेल आणि ते घरात खाल्ले जात असेल तर हे पाणी तिकडे जाऊ देऊ नये.

बादलीभर पाण्यात भिजत घालण्याविषयी

घरातल्या मोठ्या बायका बहुतेक ठिकाणी हेच सुचवतात : लंगोट काढला की पाण्याच्या बादलीत टाकून ठेवायचा. त्यांचे म्हणणे त्यांच्या काळात बरोबर होते. तेव्हा बाळंतिणीचे आणि बाळाचे कपडे धुवायला सकाळी कोणीतरी येत असे, विहिरीवर किंवा पऱ्यावर धुणे होत असे, आणि बादलीतले लंगोट रात्रीपासून सकाळपर्यंत, म्हणजे सात-आठ तास भिजत असत. आज तीच बादली दोन-तीन दिवस तशीच राहते. त्या पाण्यात लघवी, शी आणि साबणाचा अंश मिसळून जीवाणूंची वाढ होते आणि जे लंगोट मुळात फारसे मळलेले नव्हते तेही त्याच पाण्यात मुरतात. रबरी पट्टी आणि पॉलियुरेथेनचा जलरोधक थर असलेल्या पॉकेट डायपरच्या, म्हणजे आतल्या खिशात शोषक घडी घालायच्या, धुऊन वापरायच्या विकतच्या डायपरच्या बाबतीत तर हे अधिकच नुकसानीचे आहे, कारण दीर्घकाळ ओल आणि अमोनिया यांनी तो थर सुटू लागतो आणि पट्टी सैल पडते.

यापेक्षाही गंभीर दोन कारणे आहेत. रांगणारे मूल बादलीच्या काठाला धरून उभे राहते, तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही; बुडण्यासाठी दोन इंच पाणीसुद्धा पुरते. पाण्याने भरलेली बादली, झाकण असले तरी, मुलाच्या हाती लागेल अशी जमिनीवर ठेवूच नये. दुसरे कारण डासांचे. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. लंगोट उचलल्यावर पाणी तसेच ठेवून दिलेली, कोपऱ्यात विसरलेली बादली पावसाळ्यात धोक्याची होते.

ज्यांना भिजत घालायचेच आहे त्यांनी ते धुण्याच्या आधी दोन-तीन तास घालावे, पूर्ण सुती लंगोटच घालावेत, आणि पाणी ओतून बादली पालथी घालून ठेवावी.

कशात ठेवावे आणि कुठे ठेवावे

चारही बाजूंनी भोके असलेली प्लॅस्टिकची टोपली मला सर्वांत सोयीची वाटते. तिच्या आत नाडीची जाळीदार पिशवी तोंडाशी उलटी दुमडून बसवावी. धुण्याच्या दिवशी पिशवीची नाडी ओढली की लंगोटांना हात न लावता त्या पिशवीसकट मशीनमध्ये टाकता येतात, फक्त पिशवीचे तोंड सैल ठेवावे म्हणजे ते आत पडतात. बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची टोपली दिसायला सुरेख असते आणि तिच्यात हवाही खेळते, पण बांबू स्वतःच ओल धरतो आणि पावसाळ्यात त्याला हिरवट बुरशी येते, म्हणून ती या कामासाठी घेऊ नये. टोपली दोन दिवसांच्या लंगोटांनी दोन तृतीयांशाहून जास्त भरणार नाही एवढी मोठी असावी. दाबून भरलेल्या टोपलीच्या मध्यभागी वारा पोचत नाही आणि ठिपके नेमके तिथेच उठतात. लंगोट पिळून, झटकून, मोकळा टाकावा. गोळा करून टाकलेला लंगोट आतून भिजलेलाच राहतो.

झाकणाचा प्रश्न कठीण आहे. झाकण लावले तर ओल आणि अमोनिया आत कोंडतात. उघडे ठेवले तर माश्या येतात, आणि माशीच्या अंड्यांतून उबदार हवेत एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. याचा मध्यम मार्ग म्हणजे टोपलीच्या तोंडावर आणि बाजूंवर जुन्या धोतराचे किंवा मलमलचे एकपदरी कापड घालून काठाखाली इलॅस्टिकने ते घट्ट बसवणे. वारा जातो आणि माशी आत शिरू शकत नाही. दोन कापडे असावीत, म्हणजे एक लंगोटांबरोबर धुता येते.

मुंग्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. लघवीच्या कपड्यांना तांबड्या मुंग्या हमखास लागतात, आणि एखादी मुंगी धुण्यानंतरही शिवणीत राहिली तर ती बाळाला चावते. जुन्या घरांत दुधा-तुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, तसेच इथे करावे : पाट किंवा दोन विटा पाण्याच्या पसरट थाळ्यात ठेवून त्यावर टोपली ठेवावी, टोपलीचा काठ भिंतीला टेकू देऊ नये आणि थाळ्यातले पाणी एक दिवसाआड ओतून टाकावे. खडूची रेघ, मुंग्यांची पावडर किंवा बोरिक पावडर या जागेजवळ आणू नये. बोरिक पावडर लहान बाळाच्या पोटात गेली किंवा सोललेल्या त्वचेला लागली तर विषबाधा होते.

जागा म्हणाल तर मागची पडवी उत्तम, मात्र वळचणीच्या पागोळ्यांचे तुषार पोचणार नाहीत एवढ्या आत. न्हाणीघर दिसायला सोयीचे असते, पण ते दिवसभर ओले असते आणि आंघोळीच्या वाफेने तिथली हवा अधिकच दमट होते. पर्याय नसेल तर टोपली खिडकीखाली उंच कट्ट्यावर ठेवावी. चिपळूण, रत्नागिरी, महाड अशा शहरांतल्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी चालते. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये लंगोट साठवत जाण्याची सवय बऱ्याच घरांत आहे आणि ती सोडलेली बरी, कारण बंद दरवाजाचा ड्रम ही घरातली सर्वांत कोंदट जागा असते आणि त्याच्या रबराला एकदा काळी बुरशी लागली की ती घरातल्या सर्व कपड्यांना वास लावते. रात्री टोपली अंगणात किंवा गडग्यावर ठेवू नये. उंदीर कपडे कुरतडतात, आणि त्यांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस पसरतो, जो सिंधुदुर्गातल्या भातशेतीच्या गावांना चांगलाच परिचित आहे.

बाहेर जाताना नेण्याची चेनची जलरोधक पिशवी ही प्रवासासाठीच आहे. एसटीतून गणपतीला गावी जाताना ती फार उपयोगी पडते. घरी पोचल्याबरोबर ती रिकामी करावी, उलटी करून धुवावी आणि वाळत घालावी. तिच्यात लंगोट रात्रभर राहू देऊ नयेत.

किती वेळ

ऑक्टोबर ते मे या काळात दोन दिवस, पावसाळ्यात एक दिवस. याहून जास्त नाही. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात तेव्हा हवा पावसाळ्याइतकीच चिकट असते, त्या दिवसांतही रोज धुणेच चांगले.

यावरून किती लंगोट लागतील याचा हिशेब करता येतो. नवजात बाळाला दिवसाला दहा ते बारा लंगोट लागतात, सहा महिन्यांपुढच्या बाळाला सहा ते आठ. कोरड्या दिवसांत दोन दिवसांच्या अंतराने धुतले तर नवजात बाळासाठी धुण्यातले चोवीस आणि वाळेपर्यंत वापरायला बारा असे छत्तीस पुरतात. पावसाळ्यात रोज धुतले तरी सुती लंगोट घरात वाळायला दोन दिवस घेतात, त्यामुळे संख्या तेवढीच राहते, फक्त टोपलीतले कमी आणि दांडीवरचे जास्त. पॉकेट डायपरच्या आत घालायच्या बांबूच्या किंवा हेम्पच्या (भांगेच्या) धाग्याच्या जाड घड्या, म्हणजे इन्सर्ट, कोकणच्या पावसाळ्यात फारच सावकाश वाळतात. ज्यांचे बाळ उन्हाळ्याच्या शेवटी जन्मणार आहे त्यांनी एकपदरी, उलगडता येणारे सुती लंगोट जास्त घ्यावेत. जुन्या लुगड्याचा चौकोन यात कोणत्याही विकतच्या डायपरला हार जात नाही.

पावसाळ्यातला एक उपाय मला अत्यंत उपयोगी पडला. लंगोट टोपलीत न टाकता, पाण्यातून काढून पिळल्यावर पडवीतल्या एका वेगळ्या दोरीवर टांगावेत आणि धुण्याच्या वेळी तिथून थेट काढावेत. ते मळलेलेच आहेत, पण अर्धेमुर्धे सुकलेले असतात आणि वारा त्यांच्या दोन्ही अंगांना लागतो, म्हणून त्यांना वासही कमी येतो आणि ठिपकेही पडत नाहीत. ही दोरी धुतलेल्या कपड्यांच्या दांडीपासून लांब असावी आणि तिचे चिमटे वेगळ्या रंगाचे असावेत, म्हणजे घरातल्या पाहुण्याकडून घोटाळा होत नाही. धुतलेले लंगोट वाळवण्यासाठी शेगडीवर डालगे, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथे घालून त्यावर ते पसरण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती मोकळ्या पडवीत करावी. दारे-खिडक्या लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीत निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

काय घालू नये

टोपलीला वास येऊ लागला की काहीतरी शिंपडण्याचा मोह होतो. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण साठवलेल्या लंगोटांवर कधीही टाकू नये. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू तयार होतात, ते श्वासनलिकेला भाजतात, आणि लहानशा न्हाणीघरात त्यापासून पळायलाही जागा नसते. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन सुटतो. फिनाइल फरशीसाठी असते, बाळाच्या कपड्यांजवळ त्याचे काम नाही. खाण्याचा सोडा भुरभुरल्याने अपाय होत नाही, पण अमोनिया अल्कधर्मी आहे आणि सोडाही अल्कधर्मीच, त्यामुळे त्या झोंबणाऱ्या वासावर त्याचा उपयोग होत नाही. कडुनिंबाचा पाला घातला तर तो ओला होऊन कुजतो आणि कापडाला हिरवे डाग पाडतो. वास आला याचा अर्थ धुण्याची वेळ टळून गेली आहे, एवढाच घ्यावा.

डांबरगोळ्यांविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे, कारण दमट हवेमुळे आपल्याकडे प्रत्येक कपाटात आणि ट्रंकेत त्या असतात. त्यांतले नॅफ्थलीन कापडात मुरते आणि बाळाच्या त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते त्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात, तीव्र कावीळ होते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. ही कमतरता आहे की नाही हे बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून मळलेल्या लंगोटांच्या टोपलीत, आणि थोरल्याचे लंगोट धाकट्यासाठी जपून ठेवताना ट्रंकेतही, डांबरगोळी ठेवू नये. ठेवणीतले लंगोट उन्हात कडकडीत वाळवून, स्वच्छ सुती पिशवीत घालून ठेवावेत आणि वापरण्याआधी पुन्हा धुवावेत. डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून आलेली दुपटी, झबली, टोपडीही बाळाच्या अंगावर घालण्याआधी धुऊन बरेच दिवस वाऱ्या-उन्हात ठेवावीत.

वीज नसताना आणि पाणी नसताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. विजेवाचून पंप चालत नाही, टाकी भरत नाही, मशीन बंद राहते. ज्या घरात तान्हे बाळ आहे त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस या परिस्थितीची तयारी करून ठेवावी. अशा वेळी पॉकेट डायपर बाजूला ठेवून केवळ एकपदरी सुती लंगोट वापरावेत, कारण ते तांब्या-दोन तांब्यांत हातांनी धुता येतात, आणि साठवण्याचा विचारच सोडून द्यावा. प्रत्येक लंगोट काढल्याबरोबर खळबळून दोरीवर टाकावा. पुराचे पाणी लागलेले लंगोट, मळलेले असोत वा धुतलेले, वेगळे काढून साबणाने धुवावेत आणि उकळल्याशिवाय बाळाला घालू नयेत. पॉकेट डायपर उकळता येत नाहीत. पुरात भिजलेले असतील तर ते टाकून देणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

एप्रिल-मे महिन्यांत उलट अडचण येते. एवढा पाऊस पडूनही विहिरी तळाला जातात, खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते आणि वाड्यांवर टँकर येतात. या दिवसांत लंगोटाच्या आत मलमलचा पातळ तुकडा घालावा. शी त्या तुकड्यावरच राहते, तेवढाच लगेच धुतला जातो आणि जाड लंगोट लघवीपुरताच मळतो. उन्हाळ्याच्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी लघवीचा लंगोट पिळून दोरीवर पूर्ण सुकवला आणि मग टोपलीत टाकला तरी दोन दिवस निभावतात, कारण ओल नसेल तर जीवाणूंचे काम मंदावते. मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून असे पाणी पहिल्या खळबळण्यासाठी वापरावे आणि गोडे पाणी शेवटच्या पाण्यासाठी राखावे.

बाळ आजारी असेल तर

जुलाब लागले असतील, किंवा मांड्यांच्या खाचांत लालभडक चट्टे आणि कडेला बारीक पुळ्या उठल्या असतील आणि डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग सांगितला असेल, तर ते लंगोट इतरांत मिसळू नयेत आणि रात्रभरही ठेवू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी लहान बादली ठेवावी, त्याच दिवशी धुवावेत, सुती असतील तर दहा मिनिटे खळखळून उकळावेत आणि मिळेल तितक्या उन्हात वाळवावेत. लंगोट हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, मग स्वयंपाकाला किंवा बाळाला हात लावावा.

टोपलीचीही निगा राखावी लागते. दर धुण्याच्या दिवशी, लंगोट मशीनमध्ये गेल्यावर, टोपली, थाळा आणि विटा साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासाव्यात. भोकांच्या कडांना जो गुळगुळीत पापुद्रा धरतो तो बोटाला लागेनासा होईपर्यंत घासावे लागते. मग टोपली दुपारी तीनपर्यंत अंगणात उन्हात पालथी ठेवावी. पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून टोपल्या दोन असाव्यात. एक वापरात असेल तेव्हा दुसरी चुलीच्या खोलीत, छपराखालच्या खुंटीला टांगून पूर्ण कोरडी होऊ द्यावी.